अंबडला फर्स्ट शिफ्ट करते, मुलं लहान आहेत. दुपारी घरी आल्यावर अंगात त्राणच राहत नाही. काय करू?

ताई, वेळेचं नियोजन नंतर, आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिनचा आकडा १२ च्या खाली असेल तर शरीराला प्राणवायूच कमी पोचतोय, त्याला कुणी आळस म्हणू नये. सकाळी नुसत्या चहावर कंपनीची बस पकडू नका. चहा अन्नातलं लोह नीट शोषू देत नाही, म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. डब्यात बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि वर लिंबू पिळलेलं असू द्या. लिंबामुळे लोह अंगी लागतं. घरी आल्यावर अर्धा तास आडवं व्हा, तेवढा वेळ मुलांकडे कोण बघणार हे नवऱ्याशी बसून ठरवा. मुलं दोघांची आहेत. मात्र रिपोर्ट न बघता लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. थायरॉइड किंवा बी-१२ च्या कमतरतेनेही असंच गळून जायला होतं. पाळीत फार रक्त जात असेल तर डॉक्टरांना तेही सांगा.