रिपोर्ट निल आला, मग दुखतंय ते काय?

"मॅडम, जीन्सचा रिपोर्ट निल आलाय. आता?" सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न हल्ली वारंवार येतो. खांदा सारखा निखळतो, सांधे ढिले आहेत म्हणून जीन्सची, म्हणजे जनुकांची, तपासणी झालेली असते आणि कागदावर आजाराचं नावच नसतं. खाली एक ओळ असते, 'अनिश्चित अर्थाचा बदल'. तेवढ्यानं घरची झोप उडते.

तासगावकडच्या द्राक्षबागायतदाराची १९ वर्षांची मुलगी अशीच आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) आई विचारत होती, "कोलॅजनच्या जीनमध्ये बदल आहे म्हणे. हिच्या लग्नाचं काय? धाकट्याचीही तपासणी करू?" (कोलॅजन म्हणजे सांधे, त्वचा यांना बळकटी देणारं प्रथिन.) मुलगी गप्प. बोलता बोलता तिचा अंगठा सवयीनं मागे वाकून मनगटाला टेकला होता.

तिसऱ्या भेटीत ती बोलली. "मला वाटलं होतं, काहीतरी निघेल. म्हणजे घरी कळलं असतं, मी नाटकं करत नाही."

मी समजावायला गेले नाही. माणसाचं दुखणं आधी खरं मानायचं, उपाय मागाहून. इतकी वर्षं मी हेच धरून काम करत आलेय. वडिलांकडे वळून एवढंच विचारलं, "आण्णा, पानांचं देठ परीक्षण सगळं बरोबर येतं, तरी वेल सुकते असं होतं का कधी?"

"होतं की."

"मग वेल सुकलीच नाही म्हणता?"

ते बराच वेळ रिपोर्टची घडी करत राहिले. मग लेकीकडे न बघताच म्हणाले, "चुकलं माझं, बाळ." ती रडली. मला तेव्हा उमगलं, हे लोक रिपोर्टचा अर्थ विचारत येतात, पण त्यांना साक्षीदार हवा असतो.

आता अर्थाविषयी. सांधे असे ढिले होण्यामागे एहलर्स-डॅनलॉस हा आनुवंशिक आजार असू शकतो. २०१७ च्या वर्गीकरणात त्याचे १३ प्रकार आहेत. त्यातल्या अतिलवचिक सांध्यांच्या प्रकाराचा जीन अजून सापडलेला नाही. त्याचं निदान सांधे तपासून, घरातला इतिहास विचारून आणि इतर आजार वगळून होतं. म्हणून निल रिपोर्टनं तो आजार नाही असं ठरत नाही. आणि 'अनिश्चित बदल' म्हणजे आजार नव्हे, जीनमधला तो बदल घातक की निरुपद्रवी हे अजून ठरलेलं नाही एवढंच. त्याच्या जोरावर ना उपचार ठरवायचे, ना लग्न मोडायचं, ना धडधाकट भावंडांच्या तपासण्या करायच्या. अर्थ लावायला आई-वडिलांचं रक्त कधी कधी मागतात, तेवढं द्यावं. असे बदल पुढे नव्यानं वर्ग केले जातात, त्यात बरेचसे निरुपद्रवी ठरतात. म्हणून रिपोर्ट जपून ठेवा आणि दोन-तीन वर्षांनी जनुकतज्ज्ञांना पुन्हा विचारा. तोवर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, एकदा करून घ्या. फिजिओथेरपीत स्नायूंना बळ देणारे व्यायाम घ्या. अंग ताणून दाखवायची हौस मात्र सोडा, ढिल्या सांध्यांना ती महागात पडते.

मुलीचे डॉक्टर आता याच प्रकाराच्या दिशेनं बघताहेत. परवा आण्णा व्यायामाचा तक्ता मोठ्या अक्षरात लिहून मागायला आले. फवारणीच्या वेळापत्रकाशेजारी लावायचाय म्हणाले.