‘पहिल्यांदाच सापडला’ म्हणणारी आई

जानेवारीतल्या एका सकाळी अमळनेर तालुक्यातली एक आई सुनेला घेऊन माझ्याकडे सल्ला विचारायला आली. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) मुलगा पिकअप चालवतो, शेतकऱ्यांचा कापूस जिनिंगवर पोहोचवतो. मित्राच्या मळ्यात भरीत-पुरीची पार्टी होती. रात्री अकराच्या सुमारास दारू पिऊन गाडी चालवत परतताना तो धुळे रस्त्यावर नाकाबंदीत सापडला. यंत्रात फुंकायला लावलं, आकडा बराच वर गेला. लायसन्स जमा झालं आणि हातात कोर्टाची तारीख आली.

“ताई, मना पोर्‍या तसा नही शे. पहिलीच येळ शे. दंड भरीसन सुटी जाई ना?”

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांचा हाच प्रश्न असतो. मी सांगितलं, हेल्मेटच्या चलानासारखं हे जागेवर पैसे भरून मिटत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं आणि प्रकरण न्यायालयातच जातं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा झाला. पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय दोषी ठरला तर न्यायालयाला किमान सहा महिने लायसन्स बंद ठेवावं लागतं. ज्या घराची चूल पिकअपवर पेटते, त्या घराला दंडापेक्षा हे सहा महिनेच जास्त जड जातात.

मी बोलत होते आणि सून फरशीकडे बघत होती. ‘पहिलीच येळ’ म्हटल्यापासून तिने मान वर केली नव्हती. सासूबाई पाणी प्यायला बाहेर गेल्या तेव्हा मी तिला हळूच विचारलं. लग्नाच्या आधी, चार वर्षांपूर्वी, तो मोटारसायकलवर असाच सापडला होता. गुन्हा कबूल करून न्यायालयात दंड भरला होता. घरात त्याचा उच्चार करायचा नाही असं ठरलं होतं. वकिलांनाही सांगितलं नव्हतं, कारण “तीन वर्षं उलटली की जुनं पुसलं जातं” असं गावात कुणीतरी सांगितलं होतं.

कधीकाळी कायद्यात तीन वर्षांची ती अट होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. आता मधे कितीही वर्षं गेली तरी दुसरा गुन्हा तो दुसराच: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार दंड, किंवा दोन्ही. जुनी शिक्षा न्यायालयाच्या नोंदीत असतेच. ज्याने बाजू मांडायची त्या वकिलालाच ती ऐनवेळी सरकारी पक्षाकडून कळली, तर तो काय करणार?

सासूबाई परत आल्यावर दुसरी गोष्ट निघाली. चुलतभाऊ म्हणत होता, “गाडी मी चालवत होतो असं सांगू.” मी हात जोडून नको म्हटलं. खोटी साक्ष हा वेगळा गुन्हा आहे, म्हणजे एका पोराच्या जागी दोन पोरं अडकणार. पिकअप काकांच्या नावावर होती. प्यायलेला आहे हे माहीत असून मालकाने गाडी चालवायला लावली, तर त्यालाही तीच शिक्षा होऊ शकते. यंत्रात फुंकायला किंवा रक्त द्यायला योग्य कारणाशिवाय नकार दिला असता, तर तो नकारही न्यायालय त्याच्याविरुद्ध धरू शकलं असतं. निदान तेवढं तरी त्याने केलं नव्हतं.

मुलगा तिसऱ्या दिवशी आला. “लिंबूपाणी घेतलं, तासभर झोपलो, उतरली होती ताई.” झोपेने डोकं हलकं वाटतं, पण रक्तातली दारू यकृत आपल्याच संथ गतीने काढतं. लिंबू, ताक, थंड पाणी यांनी ती गती वाढत नाही.

त्याला मी बांद्र्याच्या कार्टर रोडची गोष्ट सांगितली. २००६ मध्ये प्यायलेल्या चालकाची गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली, सात जण मेले. कलम १८५ वर ते थांबलं नाही. सदोष मनुष्यवध ठरला आणि तीन वर्षांची कैद २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. आजच्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि मरण येऊ शकतं याची जाणीव होती असं ठरलं तर दहा वर्षांपर्यंत. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, त्या रात्री नाकाबंदीच्या थोडं आधी कापसाची एक बैलगाडी त्याला अगदी जवळ आल्यावरच दिसली होती. मागे दिवा नव्हता, वर दोन बाया बसल्या होत्या. हे त्याने घरी सांगितलं नव्हतं.

आठवड्याने आई एकटीच आली. “वकीलले सांगी दिधं, ताई. पोर्‍याना समोरच.” तारीख अजून पुढे आहे. मुलगा जिनिंगवर हमाली करतो आणि दर मंगळवारी माझ्याकडे येतो.