दाराला लाल झेंडी

माई,
मी ३१ वर्षांची आहे. माहेर साताऱ्याचं, लग्नानंतर सहा वर्षं पुण्यात होतो. गेल्या दिवाळीनंतर नवऱ्याला अमळनेरला कॉलेजात नोकरी लागली आणि आम्ही इथे आलो. माझी सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी कंपनीनं घरून चालू ठेवली. क्लायंट लंडनचा आहे, त्यामुळे काम दुपारी अडीच ते रात्री साडेदहा. पण पुण्याची टीम सकाळी नऊला सुरू होते, म्हणून मीही नऊलाच लॅपटॉप उघडते. घरीच तर असते.

आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. खाली घरमालकीण मावशी. दुपारी तीनला त्या हमखास वर येतात. चार ते सहा नातवाला माझ्याकडे सोडतात. गल्लीतली निम्मी पार्सलं माझ्या दारात येतात. नवरा म्हणतो, "सिलिंडर येईल, तू घरीच आहेस ना." एकदा कॉलवर असताना मावशी मागून मोठ्यानं काहीतरी अहिराणीत बोलल्या, लंडनचे लोक हसले, मला रडू आलं. डिसेंबरमध्ये शेतातल्या भरीत पार्टीला बोलावलं होतं, मीटिंग होती म्हणून नाही म्हटलं. त्यानंतर कुणी बोलावलंच नाही. आता म्हणतात, पुढच्या आठवड्यात बिबडे (ज्वारीचे पापड) करायला ये. रविवारी दिवसभर काही करावंसं वाटत नाही, उगाच डोळे भरून येतात. मी पुण्याला परत जाऊन एकटी राहू का?

— तुमची एक वाचक, अमळनेर

पोरी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती आणि एका वाक्याखाली रेघ मारली. "घरीच तर असते." हे नवऱ्याचं किंवा मावशींचं वाक्य नाही, तुझंच आहे. नवरा ते सिलिंडरसाठी वापरतो, मावशी नातवासाठी, आणि तू ऑफिससाठी. अडीचला सुरू होणारं काम तू नऊला उघडून बसतेस, म्हणजे रोज साडेतेरा तास. तुझा वेळ फुकट आहे असं गल्लीला वाटतं म्हणून तुला राग येतो, आणि सकाळचे साडेपाच तास तू स्वतःच कंपनीला फुकट वाटतेस. आधी हे बंद कर. साहेबाला लेखी कळव की पुण्याच्या टीमशी बोलायला मी बारा ते साडेबारा हजर असेन, बाकी माझं काम अडीचपासून. असं कळवल्यानं नोकरी जात नसते. सकाळी नऊपासून उपलब्ध राहण्याचा पगार कंपनी तुला देत नाहीये, हे तिलाही ठाऊक आहे.

आता दार.

मी वाईची. १९७८ साली लग्न होऊन भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले. आमचे हे मालगाडीवर गार्ड. रात्री दोनला ड्यूटीवर बोलवायला कॉलमन यायचा, कडी वाजवायचा, वहीवर सही घ्यायचा. सगळ्या चाळीला ते ऐकू जायचं. हे गणवेश चढवायचे, लाइन बॉक्स म्हणजे गार्डच्या सामानाची पेटी जायची, दुसऱ्या दिवशी कधीतरी बडनेऱ्याहून परत. आले की दुपारभर झोप. त्या झोपेसाठी मी त्यांची एक विटलेली लाल झेंडी दाराच्या कडीला बांधायचे. पहिल्या दिवशी शेजारणीनं विचारलं, हे काय? मी सांगितलं, साहेब रात्रभर गाडीवर होते. झालं. त्यानंतर झेंडी दिसली की पोरं गोट्या उचलून पलीकडच्या क्वार्टरकडे जायची, दूधवालासुद्धा भांडं न वाजवता ठेवून जायचा. लोक काही फार समजूतदार होते असं नाही. त्यांनी कॉलमनची हाक ऐकली होती, बॉक्स जाताना पाहिला होता, म्हणून झेंडीला किंमत होती.

तुझ्या कामाला गणवेश नाही, डबा नाही, शिट्टी नाही. मावशींना दिसतं ते एवढंच, की ही पोरगी वर खुर्चीत बसली आहे. त्यातही एक गंमत बघ. आपल्याकडे बायकांना मोकळी घटका कधी मिळते? स्वयंपाक, जेवणं, भांडी उरकली की दुपारी दोन-अडीचला. लंडनचं ऑफिस उघडतं तेव्हाच. सकाळी मावशी चुलीशी असताना तू चहा घेऊन गॅलरीत, आणि त्या मोकळ्या होऊन वर आल्या की तुझ्या कपाळाला आठ्या. त्यांच्या बाजूनं विचार केलास तर त्यांना तू शिष्टच वाटणार. यात खलनायक कुणीच नाही, दोन घड्याळं आहेत.

तेव्हा झेंडी लाव. लाल ओढणीचा तुकडाही चालेल. पण आधी मावशींना समजावून सांग, आणि ते तीन वाजता दारात उभं राहून नको. सकाळी नऊच्या सुमारास खाली जा, त्यांच्या ओट्यावर बस, चहा मागून घे. (मागून घेतलेल्या चहाला इथे फार मान आहे. नको नको म्हणणाऱ्याला खान्देशात परकं समजतात.) त्यांना सॉफ्टवेअर टेस्टिंग समजावत बसू नकोस, विप्रोचं नाव घे. ती कंपनी १९४५ साली तुमच्या अमळनेरातच वनस्पती तुपाच्या कारखान्यातून सुरू झाली, आणि तिचे शेअर जपून ठेवलेली घरं गावात आहेत. मावशींच्या नात्यागोत्यात कुणीतरी निघेलच. "त्या धंद्यातलंच काम, फक्त ऑफिस माझ्या खोलीत आहे, आणि साहेब इंग्लंडात बसून बघतो," एवढं सांगितलंस की कॉलमनची हाक गल्लीभर पोचली म्हणून समज.

नातवाचं मात्र गोड बोलून भागणार नाही. चार ते सहा मूल सांभाळणं ही वेगळी नोकरी आहे आणि ती तू पत्करलेली नाहीस. सरळ सांग: "मावशी, चार ते सहा मला त्याच्याकडे बघता येत नाही, तो जिन्यावरून पडला तर मला कळणारही नाही." हे खरंही आहे आणि कुठल्याही आजीला लगेच पटणारं आहे. त्या दोन दिवस गाल फुगवतील. फुगवू देत.

सिलिंडर आणि पार्सलं खालीच उतरू दे. मावशी घरात असतात, जिना चढायचा नसतो. बदल्यात त्यांचं विजेचं बिल आणि बँकेचं मोबाइलवरचं काम सकाळी तू करून दे. गल्लीत असा हिशेब सगळ्यांनाच कळतो.

नवऱ्याशी बोलणं याहून अवघड, कारण तिथे झेंडी चालत नाही. तो वाईट नसावा. तुझ्या पत्रात त्याच्याबद्दल तक्रार एका ओळीचीच आहे, पण तीच सगळ्यात खोल गेलेली दिसते. त्याच्या नोकरीसाठी गाव सोडलंस तू, आणि "घरीच आहेस ना" ऐकायचं तूच? माझी एक गोष्ट सांगते, जी मी सहसा सांगत नाही. त्याच भुसावळच्या क्वार्टरमध्ये मी संध्याकाळी शिकवण्या घ्यायचे. नऊ-दहा पोरं, पडवीत सतरंजी. शेजारणी यायच्या, मध्येच पीठ मागायच्या, ह्यांचे मित्र यायचे, मी गणित अर्धवट सोडून चहा टाकायचे. ह्यांच्या झोपेला झेंडी होती, माझ्या कामाला नव्हती. ती लावायचं मला सुचायला अकरा वर्षं लागली. आणि लावली तेव्हा पहिल्यांदा आत शिरले ते हेच, पाणी दे म्हणत. मी खडू न ठेवता माठाकडे बोट दाखवलं. पोरं हसली. ते मुकाट्यानं उठून पाणी प्यायले. तुझ्या घरी माठ कुठे ठेवला आहे ते नवऱ्याला एकदा दाखव.

बिबड्यांना जा. हे तुझ्या वेळेत बसत नाही असं म्हणशील, पण बिबडे दुपारी होत नाहीत. पहाटे पाचला चूल पेटते, भिजवून दळलेल्या ज्वारीचं पीठ मोठ्या पातेल्यात शिजतं, त्यात तीळ, लसूण, मिरची. ऊन चढायच्या आत गच्चीवर खाटेला ओलं लुगडं अंथरून त्यावर भराभर थापायचे. आठ-साडेआठला सगळं उरकतं. पातेल्याच्या तळाशी राहिलेला गरम घाटा वाटीत घालून, वर कच्चं तेल सोडून देतात, तो खाल्ल्याशिवाय उठू नकोस. तुझे पहिले चार बिबडे जाड होतील, त्यांच्यावर गल्ली हसेल. दहा बायकांशी ओळख करून घ्यायचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही. तुला वाटतं भरीत पार्टीचा नकार त्यांना लागला, म्हणून पुन्हा बोलावलं नाही. मला तसं वाटत नाही. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजायला बोलावलेला माणूस "मीटिंग आहे" म्हणाला, तर इथली माणसं समजतात की याला आपलं चालत नसेल, कशाला पुन्हा भिडेत टाका. आणि आता त्यांनी बोलावलंच आहे की.

अहिराणीला घाबरू नकोस. मावशी त्या दिवशी मागून बहुतेक "काय करी राह्यनी वं?" असं काहीतरी म्हणाल्या असतील. लंडनवाले हसले ते तुला नव्हे, कुणाच्याही घरात अशी एक मावशी असते म्हणून. दोन वाक्यं पाठ कर. "मनं काम चालू शे." आणि "सकायले येसू." म्हणजे माझं काम चालू आहे, सकाळी येईन. परक्या माणसाच्या तोंडून अहिराणी ऐकली की निम्मा राग तिथेच उतरतो. साने गुरुजीसुद्धा कोकणातले, पालगडचे. तुमच्या अमळनेरच्या शाळेत १९२४ पासून सहा वर्षं शिकवत होते, छात्रालय सांभाळत होते. आज खान्देशात त्यांना कुणी कोकणातले म्हणून पाहा!

आता उन्हाचं, कारण पुढचे तीन महिने तुझं निम्मं भांडण त्याच्याशीच आहे. पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि वरच्या मजल्यावर स्लॅब दिवसभर तापून संध्याकाळी ती उष्णता खोलीत सोडतो, म्हणजे ऐन कॉलच्या वेळी. पश्चिमेच्या खोलीत टेबल असेल तर आजच पूर्वेकडे ने. कूलर खिडकीत हवा, आतल्या आत फिरवलेला कूलर नुसती दमट वाफ करतो. त्याची धार लॅपटॉपवर नको. कॉलच्या आधी अर्धा तास जोरात चालव, मग हळू कर. माइक तोंडाजवळ असलेला हेडफोन घे, नाहीतर लंडनला वाटेल तू विमानातून बोलतेस. लाइट जातेच, तेव्हा राउटर इन्व्हर्टरवर जोडून घे आणि मोबाइलमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम ठेव. मावशींची खालची खोली थंड असते हे मलाही माहीत आहे. तिथे टेबल टाकायचा मोह आवर. गेलीस तर संपलीस.

मार्चच्या शेवटच्या रविवारी लंडनची घड्याळं तासभर पुढे जातात. मग तुझं काम दीडला सुरू होईल आणि साडेनऊला सुटशील. तो रात्रीचा तास कंपनीला दान करायचा नाही. आणि संध्याकाळी सातला अर्धा तास लॅपटॉप मिटून ओट्यावर जाऊन बस, तेव्हा गल्ली बाहेरच असते. पाच महिन्यांत तू घराबाहेर कधी, कशासाठी पडलीस, याची एकही ओळ तुझ्या पत्रात नाही. रविवारी डोळे भरतात त्याचं मूळ मला तरी तिथेच दिसतं. तरी सकाळ मोकळी करून, माणसांत जाऊनही दोन-तीन आठवड्यांत ते थांबलं नाही, झोप उडाली किंवा जीव नकोसा वाटला, तर मला पत्र लिहून उत्तराची वाट बघू नकोस. १४४१६ हा मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी टेलिमानस सेवेचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. डॉक्टरकडेही जा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पुण्याचं विचारलंस. जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण मे महिन्यात खान्देशाबद्दल कुठलाही निर्णय घेऊ नये, आम्ही इथलेसुद्धा घेत नाही. दिवाळीला विचार कर. तेव्हा हिवाळा पुन्हा सुरू होईल, आणि पाठोपाठ भरिताचं आमंत्रणही येईल.

सोमवारी सव्वादोनला झेंडी लाव. मावशी तीनला येतील, झेंडीकडे बघतील आणि तरीही कडी वाजवतील. दार उघडून "मनं काम चालू शे" म्हण. हसतील, खाली जाऊन सगळ्यांना सांगतील. रात्री काम संपल्यावर झेंडी काढायला मात्र विसरू नकोस.

— माई