महिन्याभरात अभियोग्यता चाचणीची तयारी कशी करावी?

तुम्ही कोपरखैरणेत राहता, कला शाखेतून पदवी घेतली आहे, गणित दहावीनंतर सुटले आहे आणि महिन्याभरात बँकेतील लिपिक पदाची पूर्वपरीक्षा व ऐरोलीतील एका खासगी कंपनीची अभियोग्यता चाचणी अशा दोन्ही द्यायच्या आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. ठाण्यातील एका अभ्यासिकेत मी याच परीक्षांचे अंकगणित शिकवतो. माझे स्पष्ट मत असे आहे की, या महिन्यात नवी सूत्रे पाठ करण्यापेक्षा आकडेमोडीचा वेग वाढवणे आणि कोणता प्रश्न सोडून द्यायचा हे ओळखायला शिकणे अधिक मोलाचे आहे.

सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या लिपिक पूर्वपरीक्षेत १०० प्रश्न आणि ६० मिनिटे असतात. इंग्रजीचे ३०, अंकगणिताचे ३५ आणि तर्कक्षमतेचे ३५ प्रश्न असून प्रत्येक विभागाला स्वतंत्र २० मिनिटे मिळतात. ती संपली की तो विभाग आपोआप बंद होतो. अंकगणिताच्या एका प्रश्नाच्या वाट्याला जेमतेम ३४ सेकंद येतात, त्यामुळे शाळेतल्या रीतीने पायऱ्या मांडत बसणे तेथे परवडत नाही.

पहिला आठवडा ३० पर्यंतचे पाढे, वर्ग आणि शेकडेवारीचे अपूर्णांक यांनाच द्या. ३७.५ टक्के म्हणजे तीन अष्टमांश हे तोंडपाठ असेल, तर ६४८ चे ३७.५ टक्के काढताना ८१ गुणिले ३, म्हणजे २४३, हे उत्तर कागदाला पेन न लावता येते. शाळेत शिकलेले ‘कंचेभागुबेव’ सरळरूपाच्या प्रश्नांत आजही तितकेच उपयोगी पडते. काळ-कामाच्या उदाहरणांत अपूर्णांकांची बेरीज टाळून लसावि घ्यावा. एक जण १२ दिवसांत आणि दुसरा १५ दिवसांत काम पुरे करत असेल, तर एकूण काम ६० भाग माना. पहिला रोज ५ आणि दुसरा ४ भाग करतो, म्हणून दोघांना मिळून ६० भागिले ९, म्हणजे पावणेसात दिवसांहून किंचित कमी वेळ लागतो.

तर्कक्षमतेत असमानता आणि विधान-निष्कर्ष हे प्रश्न आधी उरकावेत, बैठकव्यवस्थेची कोडी नंतर घ्यावीत.

दुसऱ्या आठवड्यापासून रोज एक सराव प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा आणि ती सोडवायला जितका वेळ लागला, त्याहून अधिक वेळ ती तपासण्यात घालवा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे रीत ठाऊक नव्हती, आकडेमोड चुकली की प्रश्नच नीट वाचला नाही, यांपैकी खरे कारण वहीत लिहा. माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत तिसरे कारण वारंवार दिसते आणि ते दूर करायला नवे काहीही शिकावे लागत नाही.

नकारात्मक गुणांची भीती मात्र आकड्यांनी तपासून पाहा. पाच पर्याय आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा, अशा पद्धतीत निव्वळ अंदाजाने सरासरी ना नफा होतो ना तोटा. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर अंदाज किंचित फायद्याचा ठरतो. प्रश्न वाचायलाच वेळ मिळाला नसेल, तर तो तसाच सोडावा.

खासगी कंपन्यांच्या चाचण्यांचे नियम एकसारखे नसतात. काही ठिकाणी गुण वजा होत नाहीत, काही ठिकाणी मागील प्रश्नाकडे परत जाता येत नाही. म्हणून सुरुवातीच्या सूचना पूर्ण वाचा आणि कंपनीने नमुना चाचणीचा दुवा पाठवला असेल, तर ती ज्या संगणकावर खरी चाचणी द्यायची आहे त्याच संगणकावर देऊन पाहा.

बँकेच्या परीक्षेचा दिवस रविवार आला आणि केंद्र ठाण्याच्या बाजूला मिळाले, तर ठाणे व नवी मुंबई जोडणाऱ्या ट्रान्सहार्बर लोकल मार्गावर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, आहे का, हे आदल्या दिवशीच पाहून ठेवा आणि असल्यास बसने जाण्याची तयारी ठेवा. प्रवेशपत्रावरील वेळेनंतर केंद्रात आत घेत नाहीत.