पालक संघाची वर्गणी आणि मताचा हक्क: वाचकांचे प्रश्न

शाळा सुरू होऊन महिना झाला की पालकांच्या वर्गणीबद्दलची पत्रं वाढतात. या वेळची बहुतेक पत्रं मुंबईतली आहेत आणि बऱ्याच पत्रांत एकच घोळ दिसतो. ‘पालक संघ’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात. खासगी शाळांत कायद्याने स्थापन होणारा पालक-शिक्षक संघ असतो, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, आणि काही ठिकाणी पालकांनी स्वतः नोंदवलेली संस्था असते. तिघांचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे आपला संघ यातला कुठला हे आधी बघा.

प्रश्न : मुलगी सहावीत, दादरच्या खासगी शाळेत आहे. शाळेने ‘पीटीए फंड’ म्हणून ५०० रुपये मागितले आहेत. ते भरले नाहीत तर पालक-शिक्षक संघाच्या समितीसाठी नाव देता येणार नाही, असं वर्गशिक्षिका सांगतात. हे बरोबर आहे का? (एक पालक, दादर)

नाही. खासगी शाळांच्या फीसाठी महाराष्ट्रात २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. शाळेत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाचे पालक आणि प्रत्येक शिक्षक हे पालक-शिक्षक संघाचे सभासद असतात, असं त्याचं कलम ४ सांगतं. म्हणजे मुलीचं नाव शाळेच्या पटावर आहे, तेवढ्यानेच तुम्ही सभासद आहात. त्यासाठी अर्ज लागत नाही, कुणाची मंजुरीही लागत नाही. वर्गणीही कायद्यानेच ठरवून दिली आहे : शहरी भागात वर्षाला २० रुपये आणि ग्रामीण भागात १० रुपये. मुंबईत २०. ती भरली नाही म्हणून सभासदत्व जातं किंवा समितीसाठी नाव देता येत नाही, असं या कलमात कुठेही नाही.

हा समज येतो कुठून, तेही बघू. आपल्यापैकी बरेच जण हाउसिंग सोसायटीत राहतात. तिथे मेंटेनन्स थकला की माणूस कमिटीवर उभा राहू शकत नाही. तोच नियम शाळेलाही लागू असेल असं वाटतं आणि शिक्षकही प्रामाणिकपणे तसंच सांगतात. पण सोसायटीचा कायदा वेगळा आहे.

तरीही २० रुपये जरूर भरा आणि ‘पालक-शिक्षक संघ वार्षिक वर्गणी’ असं लिहिलेली वेगळी पावती घ्या. वरच्या ४८० रुपयांचं काय? ते ऐच्छिक असतील तर शाळेने तसं लिहून द्यावं. सक्तीचे असतील तर ती फीच झाली, कारण कुठल्याही नावाने, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष घेतलेली रक्कम हा कायदा फीच मानतो. आणि फी ठरवण्याची रीत संघाच्या कार्यकारी समितीतून जाते. हिशेब मांडून बघा : १,२०० मुलांच्या शाळेत २० रुपयांनी २४,००० जमतात, ५०० रुपयांनी ६ लाख. कार्यक्रमाच्या चहा-नाश्त्यासाठी एवढी रक्कम लागत नाही.

मुख्याध्यापकांना साधं पत्र द्या : ‘पालक-शिक्षक संघाची वार्षिक वर्गणी २० रुपये सोबत जमा करत आहे. उरलेले ४८० रुपये कोणत्या ठरावानुसार आणि कशासाठी घेतले जात आहेत, ते लेखी कळवावे.’ दोन प्रती काढा आणि तुमच्या प्रतीवर शाळेच्या कार्यालयाचा आवक शिक्का व तारीख घ्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर ही शिक्क्याची प्रत जोडून तुमच्या विभागाच्या शिक्षण निरीक्षकांकडे अर्ज करा. शिक्का नसेल तर ‘पत्र मिळालंच नाही’ एवढ्या एका वाक्यावर सगळं अडतं.

प्रश्न : आमच्याकडे समितीची निवडणूकच होत नाही. मुख्याध्यापक नावं वाचून दाखवतात आणि टाळ्या होतात. मतदान मागता येईल का? (पालक, मुलुंड पूर्व)

मतदान मागू नका, सोडत मागा. कायद्यात पालक सदस्यांची निवड मतदानाने होत नाही. इच्छुक पालकांमधून चिठ्ठ्या काढून होते. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत मुख्याध्यापकांनी संघ स्थापन करायचा आणि एक आठवडा आधी सूचना देऊन सोडत काढायची. अध्यक्ष मुख्याध्यापकच असतात. उपाध्यक्ष पालकांमधून, सचिव शिक्षकांमधून आणि प्रत्येक इयत्तेचा एक पालक व एक शिक्षक सदस्य. समितीत निम्म्या महिला हव्यात.

ही रीत आम्हाला चांगली वाटते. मतदानात ज्याची ओळख मोठी तो निवडून येतो. चिठ्ठीत रिक्षा चालवणाऱ्या बापाला आणि डॉक्टर आईला सारखीच संधी असते. अर्थात चिठ्ठ्या नीट काढल्या तरच.

गडबड बहुतेक वेळा सोडतीच्या आधीच होते. सूचना शाळेच्या ॲपवर आदल्या रात्री येते. इच्छुकांचे फॉर्म वर्गशिक्षकांकडे दिले जातात आणि त्यातले काही कार्यालयापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून फॉर्म थेट कार्यालयात द्या आणि पोच घ्या. सोडतीच्या दिवशी आधी इयत्तावार इच्छुकांची यादी मोठ्याने वाचायला सांगा. नंतर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या मोजायला लावा. पाचवीत ११ इच्छुक असतील तर डब्यात ११ चिठ्ठ्या हव्यात, एकाच कागदाच्या, एकाच मापाच्या, सारख्या घडीच्या. चिठ्ठी लहान मुलाने काढावी. निघालेलं नाव दाखवून लगेच इतिवृत्तात लिहावं आणि हजर पालकांपैकी दोघांच्या सह्या घ्याव्यात. निवडलेल्यांची यादी सूचना फलकावर लागली की तिचा तारखेसह फोटो काढून ठेवा.

प्रश्न : मुलगा पालिकेच्या शाळेत आहे. व्यवस्थापन समितीच्या सभेत बसायचं तर ५० रुपये द्या, असं एक सदस्य म्हणतात. (आई, कुर्ला)

देऊ नका. शाळा व्यवस्थापन समिती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे होते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. तिथे वर्गणी नावाचा प्रकारच नाही. मुख्याध्यापकांना सांगा. तिथे काम झालं नाही तर पालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी द्या.

प्रश्न : आम्ही पालकांनी स्वतंत्र संस्था नोंदवली आहे. १४० कुटुंबं सभासद, वर्षाला ३०० रुपये वर्गणी. ५२ जणांची थकबाकी आहे. ऑक्टोबरमधल्या वार्षिक सभेत नवी कार्यकारिणी निवडायची आहे. या ५२ जणांना मत आहे का? (कार्यकारिणी सदस्य, बोरिवली)

इथे मात्र वर्गणीचा आणि मताचा थेट संबंध आहे. तुमची संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असणार. त्याच्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही, आणि त्या कामापुरता तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही.

सगळा वाद ‘तीन महिने’ कधीपासून मोजायचे यावर होतो. नियमावली उघडा. वर्गणी ३० जूनपर्यंत भरावी असं तिच्यात असेल, तर थकबाकी १ जुलैपासून सुरू होते आणि ३० सप्टेंबरला तीन महिने भरतात. त्याच ५२ जणांना २० सप्टेंबरच्या सभेत मत आहे, १० ऑक्टोबरच्या सभेत नाही. म्हणून सभेची तारीख ठरवणाऱ्या कार्यकारिणीने हे भान ठेवावं. विरोधकांची मतं जावीत म्हणून सभा मुद्दाम पुढे ढकलल्याचं दिसलं की संस्थेवरचा विश्वास उडतो, मग निकाल कायदेशीर असला तरी.

नियमावलीत भरण्याची तारीखच नसेल, तर थकबाकी सुरू झाल्याचा दिवस दाखवता येणार नाही. अशा वेळी कुणाचंही मत काढून घेऊ नका. सगळ्यांना मत द्या आणि त्याच सभेत तारीख घालणारी दुरुस्ती मांडा.

सभेच्या दारात पैसे भरले तर? कायदा ‘त्या वेळी’ थकबाकी आहे का, एवढंच विचारतो. भरले की मत मिळतं. पण मग खजिनदाराच्या टेबलापाशी झुंबड उडते, कुणीतरी वीस जणांचे पैसे एकदम भरतो आणि त्यावरून भांडण होतं. सभेच्या सात दिवस आधीपर्यंत भरलेली वर्गणीच धरली जाईल, असं नियमावलीत घालून घ्या. सूचनेसोबत थकबाकीदारांना वैयक्तिक पत्र द्या : रक्कम, कधीपासूनची आणि भरण्याची शेवटची तारीख. सात दिवस राहिले की मतदारयादी बंद करून लावा.

उलटा प्रकारही होतो. खजिनदार ठरावीक लोकांची वर्गणी ‘पावती पुस्तक संपलंय’ म्हणून घेतच नाहीत. अशा सभासदाने संस्थेच्या बँक खात्यात रक्कम भरावी, व्यवहाराचा क्रमांक घालून सचिवांना पत्र द्यावं आणि पोच घ्यावी. नंतर वाद झाला तर हीच पोच दाखवता येते.

एवढी काळजी कशासाठी? कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. मुंबईत ते कार्यालय वरळीला आहे. त्यावर कुणी हरकत घेतली की पहिला प्रश्न येतो : मत कुणाला होतं? पावती पुस्तकाची स्थळप्रत, बंद केलेली यादी आणि हजेरीपत्रक एकमेकांशी जुळलं नाही तर प्रकरण वर्षानुवर्षं रखडतं, आणि बँकेत जुन्याच सह्या चालू राहतात.

प्रश्न : दोन मुलं एकाच शाळेत असली तर दोन मतं का? आणि व्हॉट्सॲपवर घेतलेलं मतदान चालेल का? (पालक, चेंबूर)

नोंदलेल्या संस्थेत हे नियमावलीवर आहे. ‘एक कुटुंब, एक वर्गणी, एक मत’ असं लिहून घ्या, आणि आई-वडील दोघंही आले तर मत कोण देणार ते हजेरीच्या सहीआधीच ठरवायला सांगा. व्हॉट्सॲपवरच्या कौलातून मत समजतं, ठराव होत नाही. ग्रुपमध्ये शाळा सोडून गेलेल्या मुलांचे पालक असतात, एका घरातले दोन नंबर असतात, आणि गणपूर्ती मोजायला काहीच नसतं.

प्रश्न : फीवाढीवर सगळे पालक मत देऊ शकतात का? (पालक, अंधेरी)

सगळे नाही, कार्यकारी समिती देते. म्हणूनच तिची सोडत महत्त्वाची. शाळेने नव्या वर्षाच्या किमान सहा महिने आधी प्रस्ताव आणि त्यामागची कागदपत्रं समितीपुढे ठेवायची असतात. वर्ष जूनच्या मध्यावर सुरू होणार असेल तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत. मंजूर झालेली फी दोन वर्षं बांधील राहते. संस्थेने मागितलेल्या आणि समितीने मान्य केलेल्या फीत १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे जातं. शाळेने ४६,००० मागितले आणि समितीने ३८,००० मान्य केले, तर फरक ८,०००. टक्केवारी कुठल्याही रकमेवर काढली तरी १५ च्या वरच जाते. पालकांनाही तिथे दाद मागता येते, पण किमान २५ टक्के पालक एकत्र हवेत. सह्यांच्या कागदावर प्रत्येक सहीपुढे मुलाचं नाव, इयत्ता आणि तुकडी लिहा, म्हणजे टक्केवारी मोजताना वाद होणार नाही.

समितीत तुमची बाजू अल्पमतात असेल तर ‘चर्चा झाली व प्रस्ताव मंजूर’ एवढ्या ओळीवर सही करू नका. इतिवृत्तात नावानिशी लिहून घ्या : ‘इयत्ता सातवीच्या पालक सदस्यांचा विरोध. कारण : वेतनखर्चाचा तपशील मागूनही दिला नाही.’ त्या पानाची प्रत त्याच दिवशी मागा.