पोटातला पू आणि रक्तातले आकडे

प्रिय डॉक्टर,

जठराचा अल्सर फुटलेल्या पेशंटचे रिपोर्ट पाहिले. मधुमेह नसताना शुगर २४०, टी-३ हे थायरॉइडचं हार्मोन कमी. थायरॉइडची गोळी सुरू करू का, असं विचारलंस. नको करूस.

पोटात पू पसरला की कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रिनलिन, ग्लुकॅगॉन ही ताणाची हार्मोन्स चढतात. यकृत साखर सोडत राहतं, पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत, स्नायू झिजतात. आठवड्याभरात मांड्या उतरलेल्या दिसतात त्या यामुळेच. थायरॉइडमधून येणाऱ्या टी-४चं कामाचं टी-३ होणं मंदावतं आणि निष्क्रिय रिव्हर्स टी-३ वाढतं. आधीचा थायरॉइडचा आजार नसेल तर पेशंट पूर्ण बरा झाल्यावर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा कर, तेवढं पुरे. शुगर १८०च्या वर राहिली तर इन्सुलिन दे आणि १४४ ते १८०च्या दरम्यान ठेव. आणखी खाली खेचू नकोस. आयसीयूतल्या पेशंटवरच्या २००९च्या नाइस-शुगर अभ्यासात कडक नियंत्रणाच्या गटात मृत्यू जास्त झाले होते.

मला खरी काळजी आहे ती ज्यांचं कॉर्टिसॉल वाढूच शकत नाही त्यांची. सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेणारे कितीतरी जण आपल्याकडे येतात आणि त्यातल्या अनेकांना आपण काय घेतो हेच ठाऊक नसतं. त्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी, ज्या कॉर्टिसॉल बनवतात, त्यामुळे सुस्तावलेल्या असतात. वर स्टेरॉइडमुळे एरवी पू झाल्यावर कडक होणारं पोटही मऊ लागतं, आत पू असला तरी. म्हणून गोल सुजरा चेहरा, कागदासारखी पातळ कातडी, हातांवर काळेनिळे डाग दिसले की नातेवाइकांना बाजूला घेऊन विचार: कुठली गोळी, पुडी, इंजेक्शन चालू होतं? कधी बंद केलं? रागावून विचारलंस तर सांगणार नाहीत.

अशा पेशंटचं बीपी सलाइन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन देऊनही उचलत नसेल तर कॉर्टिसॉलच्या रिपोर्टची वाट पाहू नकोस. कॉर्टिसॉलची जागा भरणारं हायड्रोकॉर्टिसोन ५० मिलिग्रॅम दर सहा तासांनी सुरू कर. भूल देताना एटोमिडेट वापरलं होतं का, हेही भूलतज्ज्ञांना विचार. त्याच्या एका डोसनेही कॉर्टिसॉल तयार होणं काही काळ दबतं.

पण बीपी सावरलं म्हणून ऑपरेशन पुढे ढकलायचं नाही. भोक बंद करून पोट नीट धुतल्याशिवाय यातलं काहीच टिकत नाही. आणि ऑपरेशननंतर चौथ्या-पाचव्या दिवशी उतरलेली शुगर पुन्हा चढली, तर इन्सुलिनचा डोस वाढवून पुढच्या बेडकडे जाऊ नकोस. पोटात पुन्हा पू झाला असू शकतो. पोटावर हात ठेव, ड्रेनमधून (पोटातल्या निचऱ्याच्या नळीतून) काय येतंय ते स्वतः बघ, शंका आली तर सीटी कर आणि मला फोन कर, रात्री कितीही वाजले असले तरी.