खिडकीचं माप गिलाव्यानंतरच द्या

मागच्या बाजूला खोली वाढवताय, जोतं नुकतंच झालंय आणि अ‍ॅल्युमिनियमवाला नकाशावरूनच ऑर्डर घेतो म्हणतोय? त्याला थांबवा. गिलावा आणि खिडकीची ग्रॅनाइटची चौकट झाल्याशिवाय स्लायडिंगचं माप देऊ नका. रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजायची; सगळ्यात कमी भरेल ती धरायची.

दाराच्या लाकडी चौकटीचं उलट. ती बांधकामाबरोबरच उभी राहते. होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, काँक्रीटमध्ये नीट गाडल्यात ना, हे स्वतः उभं राहून बघा. गवंडी घाईत असला की विटांच्या तुकड्यांत दाबून मोकळा होतो. ओळंबा समोरून आणि कडेनेही लावायचा. मग दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तरच चौकट काटकोनात. फरशी आणि खालच्या मसाल्याची जाडीही तेव्हाच धरा, नाहीतर पुढे दार खालून तासत बसावं लागतं.

कोकणात असाल तर खरी परीक्षा पावसाची. खिडकीखालच्या दगडाला बाहेर उतार हवाच. छज्ज्याच्या पुढच्या कडेला खालून खाच ठेवायला सांगा, म्हणजे पाणी तिथेच तुटतं, भिंतीकडे ओघळत नाही. स्लायडिंगच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूला पाणी निघून जायची भोकं असतात; सिलिकॉन मारताना ती हमखास बुजतात. कारागीर निघायच्या आधी ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि ते कुठून निघतंय ते बघा. उरलेले पैसे त्यानंतर.